चाखलेला पाला

“मावशी, जरा इकडे या. आणि कशाला हात लावू नका.”

डॉक्टरीणबाईंनी कोपरापर्यंत हातमोजे चढवले होते. शेडमधल्या सिमेंटच्या ओट्यावर आमची हरिणी, हावरी, पडली होती. हावरी हे नाव मीच ठेवलेलं, कारण पाल्याचा भारा कुंपणाला टांगून होण्याआधीच तिचं तोंड त्यात असायचं. तिचं पोट उभं चिरलेलं होतं. बघायचं नाही असं ठरवूनही माझी नजर तिकडेच गेली. आत हिरवा लगदा गच्च भरलेला होता.

“बघितलंत? ठासून भरलंय,” बाई म्हणाल्या. “आणि आता हिच्या अंगाकडे बघा. बरगड्या मोजता येतायत. पोटभर खाऊन उपासमारीने मेलीय ही.”

तीन आठवड्यांतलं हे सहावं हरीण होतं.

“पाला कुठला घालताय सध्या?”

“नेहमीचाच. ओढ्याकाठच्या बाभळींचा.”

“चाखून?”

“चाखल्याशिवाय कधी घातलाय का मी?”

“तसं नाही हो मावशी. कसा लागला, एवढंच विचारतेय.”

“नेहमीसारखा,” मी म्हणाले.

बाईंनी मान डोलावली आणि मदतनिसाला वहीत लिहायला सांगितलं, ‘पाला नेहमीसारखा.’ अठ्ठावीस वर्षांत माझ्या शब्दावर कुणी उलटा प्रश्न विचारला नव्हता, मग त्यांनी तरी का विचारावा? पान मी चावलं होतं हे खरं. ते कसं लागलं, हे मात्र मला ठाऊक नव्हतं. सात महिन्यांपासून माझ्या तोंडाला कशाचीच चव नव्हती.

आमचं प्राणी उद्यान फार मोठं नाही. साठेक हरणं, थोडी माकडं, पक्ष्यांचे पिंजरे आणि एक म्हातारं अस्वल. गर्दीच्या दिवशी लोक त्याला हाका मारमारून दमतात आणि ते पाठ फिरवून झोपतं. हरणांच्या आवारात गवत आहे, पण ते पुरत नाही, आणि आमची ही हरणं नुसत्या गवतावर राहणाऱ्यातली नव्हेत. त्यांना झाडाचा पाला लागतो. उद्यानाच्या मागच्या टेकडीवरून रोज सकाळी पाला छाटायचा, भारे बांधून आणायचे आणि कुंपणाला टांगायचे, हे माझं काम. ऑफिसच्या कागदात माझा हुद्दा ‘चारा परिचर’ असा आहे. तो शब्द कुणी तोंडाने उच्चारल्याचं मला आठवत नाही. सगळ्यांची मी मावशी.

माझ्या आधी हे काम एक आजोबा करायचे. त्यांनी पहिल्या दिवशी मला कोयता दिलाच नाही. एक पान तोडून हातावर ठेवलं आणि म्हणाले, “चाव. गिळू नको. आता वीस पावलं चाल.”

मला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. तरी चालले.

“जीभ टाळ्याला चिकटली?”

“नाही.”

“मग काप. चिकटली असती तर त्या झाडाला नमस्कार करायचा आणि पुढचं बघायचं. तोंड आखडलं म्हणजे झाड रागावलंय.”

रागावलंय हा त्यांचा शब्द. एका झाडाला महिन्यातून दोनदा हात लावायचा नाही, लावला तर ते पानात राग भरतं, असं ते सांगायचे. मी तेव्हा तरुण होते आणि मला सगळ्याचंच हसू यायचं. पण एकदा शेळ्यांनी ओरबाडलेल्या बोरीचं पान मी हट्टाने चावलं आणि दहाव्या पावलाला तोंडाचं चामडं झालं. त्या दिवसापासून मी हसणं सोडलं. आजोबा गेल्यावर जीभ हेच माझं हत्यार झालं. कोयता काय, कुणीही चालवतं.

तेव्हा टेकडीवर चौदा जातींची झाडं होती. एकाची पानं झडली की दुसऱ्याला पालवी फुटायची, आणि त्याचा भर ओसरेपर्यंत तिसरं तयार असायचं. कुठल्या महिन्यात कुठल्या वाटेने चढायचं, हे मला झोपेतही सांगता आलं असतं. हिवाळ्यात इतकं दव पडायचं की वर पोचेपर्यंत गुडघ्यापर्यंत भिजायला व्हायचं आणि मी कुरकुर करायची. आता ते दव मिळालं तर त्याच्या पाया पडेन. हल्ली उन्हाळा दोन महिने आधी येऊन बसतो आणि उठायचं नाव घेत नाही. पाऊस चार दिवस एकदम कोसळतो, ओढा लाल होऊन धावतो, आणि आठवड्याने खाली वाकून बघावं तर धूळ. आधी उंबर वाळला. मग बोरी गेल्या. उरलेली झाडं पानं गाळून जी उभी राहिली ती परत फुटलीच नाहीत. फुटलं एखादं, तर त्याची कोवळी पालवीही हाताला कागदासारखी लागायची.

या वर्षी टेकडीवर हिरवं काय उरलं, तर ओढ्याकाठच्या तीसेक बाभळी. त्यांची मुळं खोल जातात. साठ तोंडं आणि तीस झाडं. दर आठ-दहा दिवसांनी त्याच झाडावर माझा कोयता पडत होता. नियम मोडतोय हे मला कळत होतं. पण नियम पाळायला दुसरं झाड होतं कुठे?

आणि नेमकी याच वर्षी माझी जीभ गेली. मोठा ताप आला होता. तो गेला, पण जाताना चव घेऊन गेला आणि तोंडाला कायमची कोरड ठेवून गेला. गरम-गार कळायचं, तिखटाने डोळ्यांत पाणी यायचं, बाकी भाजी काय आणि पुठ्ठा काय, सगळं सारखंच. जीभ आखडली का ते बघायचं, तर ती आधीच आखडलेली. आज परत येईल, उद्या येईल म्हणून मी थांबले. मग थांबायचीच सवय झाली.

सांगितलं का नाही? खरं सांगते, मला माझ्या जिभेचा गर्व होता. शाळांच्या सहली आल्या की साहेब मला बोलावून घ्यायचे आणि सगळ्यांसमोर पान चावायला लावायचे. “या आमच्या मावशी. यांच्या जिभेवर साठ हरणं जगतात,” असं म्हणायचे. मी पदर सावरत लाजायची, पण आतून फुलून यायची. घरात मला कोण विचारत होतं? नवरा लवकर गेला, मुलगा कामाच्या निमित्ताने महिना महिना बाहेर. या एका ठिकाणी मी कुणीतरी होते. जीभ गेली म्हणून सांगितलं असतं, तर माझ्याकडे उरलं काय असतं?

म्हणून मी चावायची, वीस पावलं चालायची, थुंकायची आणि मान हलवून कापायला लागायची. नाटकात काही कमी पडू दिलं नाही.

याहून वाईट पुढे आहे. हरणांनी मला सांगून बघितलं होतं. दीड महिन्यापूर्वी भारे अर्धे उरायला लागले. हावरीसुद्धा हुंगायची आणि तोंड फिरवायची. मला वाटलं नखरे करतायत, उन्हाने तोंडाची चव गेली असेल. मग मी जुनी युक्ती केली. पाल्यावर मिठाचं पाणी शिंपडलं. मिठाला हरीण नाही म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी सगळे भारे साफ झाले, नुसत्या काड्या उरल्या. मी इतकी खूश झाले की घरी जाताना गाणं गुणगुणत गेले.

हावरीला पुरून आम्ही ऑफिसकडे आलो, तर व्हरांड्यात साहेब आणि पंपवाला समोरासमोर उभे होते.

पंपवाला म्हणजे उद्यानाचं पाणी बघणारा माणूस. ठेंगणा, तोंडाने फटकळ, मिशी मात्र दोन माणसांना पुरेल एवढी. बावीस वर्षं आमचं वाकडं. कारण विचाराल तर दोघांनाही धड सांगता येणार नाही. तो म्हणायचा मी त्याच्या पाइपवर भारे टाकते, मी म्हणायची तो माझ्या भाऱ्यांवर पाइप टाकतो. हरणांच्या पिण्याच्या हौदात शेवाळ झालं म्हणून दीड महिन्यापूर्वी त्याने औषध टाकलं होतं, आणि साहेबांनी दिवस मोजून पाहिले तर ते हरणांच्या आजारपणाशी बरोबर जुळले.

“उद्या सकाळी चौकशी,” साहेब म्हणाले. “तोवर पंपाला हात लावायचा नाही. किल्ली ठेवा इथे.”

“साहेब, चिमूटभर औषध होतं. त्यानंतर तीनदा हौद घासून धुतलाय मी.”

“मग हरणं कशाने मरतायत? पाला तर मावशी चाखून घालतात. मागे राहिलं काय? पाणीच ना?”

पंपवाल्याने वळून माझ्याकडे बघितलं. “बाई, तुम्ही तरी बोला. तुम्ही रोज बघताय मी हौद कसा ठेवतो ते.”

मी ओठ ओले करत राहिले. तो तरातरा हौदाकडे गेला. कठड्यावरचा मग उचलला, बुडवला, आणि आमच्याकडे तोंड करून घटाघटा प्यायला. पाणी मिशीवरून गळ्यात उतरलं. शेवाळाचा एक हिरवा धागा मिशीला लोंबत राहिला.

“घ्या! उद्या मी मेलो तर करा चौकशी!”

माळी हसला. तिकीट खिडकीतली मुलगी हसली. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. बोलायचं होतं ते तेव्हाच. माझं तोंड उघडलंही होतं. पण त्यातून निघालं ते इतकंच, “मिशी पुसा, शेवाळ लागलंय.”

त्याने पुसली नाही. किल्ली साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि निघून गेला.

त्या संध्याकाळी मी बाभळीची एक डहाळी पिशवीत घालून घरी नेली. सून मशीनवर बसून कुणाच्या तरी ब्लाउजला बाही जोडत होती. ती घरीच शिवणकाम करते. मी एक पान तोडलं, धुतलं आणि तिच्यासमोर धरलं.

“अगं, हे जरा चाव.”

“मी? मी काय हरीण आहे, आई?”

“चाव म्हणते ना. गिळू नको. आणि वीस पावलं चाल.”

“आपल्या घरात वीस पावलं! भिंतीतून पलीकडे निघेन मी.”

हसत हसत तिने पान तोंडात टाकलं आणि मशीनपासून ओट्यापर्यंत, ओट्यापासून दारापर्यंत चालायला लागली. मी मनात मोजत होते. सातव्या पावलाला तिचं हसू गेलं. नवव्याला ती मोरीकडे धावली. तीनदा चुळा भरल्या तरी जीभ बाहेर काढून ती बोटाने घासतच होती.

“काय दिलंत हे? ई! तोंड आवळून आलं सगळं. हे जनावरं खातात?”

मी स्टुलावर बसले. आजोबा असते तर नवव्या पावलाला आखडवणाऱ्या झाडाकडे त्यांनी वळूनही बघितलं नसतं. मी ते दीड महिना घालत होते, वर मीठ लावून.

सूनबाई तोंड पुसत समोर येऊन उभी राहिली. “आई, एक विचारू? रागावणार नसाल तर.”

“विचार.”

“तुम्हाला चव कळत नाही ना?”

“कुणी सांगितलं तुला?”

“मिठाने. कधी दोनदा पडतं, कधी पडतच नाही. तुम्ही हात-पाय धुवायला गेलात की मी चाखून बघते आणि सारखं करते. झाले की चार-पाच महिने.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोलत नव्हता म्हणून.”

आधी मला रागच आला. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या पाठीमागे, माझ्या पातेल्यात हिचा डाव! सासू म्हणून जे जे बोलता येतं ते सगळं जिभेवर आलं. मग तिचं तोंड दिसलं, अजून वाकडं होत होतं बिचारीचं, आणि राग कुठच्या कुठे गेला. घरात माझ्या मागे कुणीतरी चाखत होतं, म्हणून आम्ही पाच महिने नीट जेवलो. हरणांना सून नव्हती.

मी रडले. बरीच वर्षं कुणासमोर रडले नव्हते. सूनबाई शेजारी जमिनीवर बसून राहिली. माझ्या पाठीवर हात ठेवावा की नाही हे तिला ठरवता येत नव्हतं. शेवटी ठेवला.

“उद्या सांगून टाका,” ती म्हणाली.

“सांगितलं तर माझा टेकडीशी संबंध संपला. दुसरं काही येत नाही मला.”

“आणि नाही सांगितलं तर? सकाळी परत भारा टांगायचाच आहे ना तुम्हाला?”

मी डहाळी परत पिशवीत घातली.

दुसऱ्या दिवशी मी टेकडीवर गेले नाही. अठ्ठावीस वर्षांत आजारपण सोडून असं कधी झालं नव्हतं. ऑफिसात पोचले तेव्हा चौकशीची तयारी झाली होती. टेबलामागे साहेब, बाजूला डॉक्टरीणबाई, आणि भिंतीलगतच्या बाकावर पंपवाला. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि केसांना पाणी लावून भांग पाडला होता. या माणसाला मी बावीस वर्षांत भांग पाडलेला पाहिला नव्हता. गुन्हेगार ठरायला आलेला माणूस इतका टापटीप बघून मला गलबलून आलं.

“मावशी, तुमचं काम नाही इथे,” साहेब म्हणाले. “भारे झाले?”

“नाही झाले. घालणार नाही.” मी डहाळी टेबलावर ठेवली. “पाला रागावलाय.”

“काय झालंय?”

“साहेब, मला चव कळत नाही. सात महिने झाले. मी चाखल्याचं नुसतं नाटक करत होते. हा पाला काल सुनेला चावायला दिला, तिला नऊ पावलांपुढे जाता आलं नाही. पाण्याला काही झालेलं नाही. हरणं माझ्या पाल्याने मेलीत.”

पंपवाला उठून उभा राहिला. साहेब काही बोलण्याआधी डॉक्टरीणबाईंनी डहाळीचं पान तोडलं, तोंडात टाकलं आणि व्हरांड्यात चालत गेल्या. खांबापाशी थांबल्या. वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा आक्रसला होता. रुमालात पान थुंकून त्या आत आल्या.

“टॅनिन,” त्या म्हणाल्या. “चहा खूप उकळला की कसा तुरट होतो, ते. मला सुचायला हवं होतं. मी विष शोधत बसले, जंत शोधत बसले.” मग त्या साहेबांना समजावायला लागल्या. पाऊस नाही, ऊन असं, आणि त्यात पानं पुन्हा पुन्हा तोडलेली. असं झालं की झाड स्वतःला वाचवायला पानात हा तुरटपणा वाढवतं. जनावराच्या पोटात गेला की तो अन्नातलं सत्त्व बांधून ठेवतो, अंगी लागू देत नाही. म्हणून पोट भरलेलं आणि जनावर उपाशी.

“पण मग रानातली हरणं कशी जगतात?” साहेबांनी विचारलं.

“ती दोन घास घेतात आणि पुढच्या झाडाकडे जातात. त्यांची ती निवडतात. इथे मावशी देतील तेच झाड.”

बाईंच्या बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

साहेब खुर्चीत मागे टेकले. त्यांचा जीव भांड्यात पडल्याचं दिसत होतं. “म्हणजे दुष्काळ. झाडांनाच काही झालं, तर त्यात कुणाचीच चूक नाही. तसं लिहून टाकू. मावशी, तुमच्या तब्येतीचं कागदावर आणायचं कारण नाही. दीड वर्ष राहिलंय तुमचं, इज्जतीने पार पडू द्या. पाला मात्र आजपासून बंद.”

खोटं कशाला सांगू, माझं मन तिथे अडखळलं. साहेब जे म्हणत होते ते खोटंही नव्हतं. पाऊस मी थांबवला नव्हता, उंबर मी वाळवला नव्हता. इतकी मोठी गोष्ट बिघडलीय आणि एका म्हातारीच्या जिभेचं काय घेऊन बसायचं? मान हलवली असती तरी पुरलं असतं. मग मी पंपवाल्याकडे पाहिलं. त्याच्या इस्त्रीच्या शर्टाला पाठीवर घाम आला होता.

“लिहा, साहेब,” मी म्हणाले. “पाला न चाखता घातला, असं लिहा. आणि हरणं खात नव्हती तर मी मिठाचं पाणी शिंपडून खायला लावलं, तेही लिहा.”

“मीठ?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मिठाचं त्यांना आत्ताच कळत होतं.

“हो. त्यांनी तोंड फिरवलं होतं. सहाच्या सहा जणींनी. माझ्यामागून जो कुणी येईल त्याला हे वाचायला मिळू दे. हरणाने पाला सोडला तर हरणाचं ऐकायचं.”

बाईंनी डोळे मिटून घेतले. मग साहेबांनी पेन उचललं आणि लिहिलं.

बाहेर आल्यावर पंपवाला माझ्यापुढे येऊन उभा राहिला. मला वाटलं, चार चांगले शब्द बोलेल.

“काल मी हौदाचं पाणी प्यालो, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?”

“माहीत नव्हतं. शंका होती.”

“शंका होती,” तो म्हणाला. “आणि उभ्या राहून हसलात.”

तो किल्ली घेऊन पंपाकडे निघून गेला. या गोष्टीला आता तीन महिने झाले. तो माझ्याशी भांडतसुद्धा नाही. मी मुद्दाम त्याच्या पाइपवर बादली ठेवून पाहिली, त्याने ती मुकाट्याने उचलून बाजूला ठेवली. त्याचं बरोबर आहे. पण मला भांडण हवं होतं.

पुढच्या पंधरा दिवसांत आणखी चार हरणं गेली. मग मरणं थांबलं. आता ट्रकमधून सुकं गवत येतं आणि पोत्यांतून गोळ्यांचं खाद्य. पहिले काही दिवस हरणांनी गोळ्या नुसत्या नाकाने ढकलल्या. मग भुकेने खायला लागली. बाई म्हणतात, वजन वाढतंय, हळूहळू का होईना. बाभळींना दोन पावसाळे विश्रांती द्यायची असं ठरलंय. पाऊस पावसासारखा पडला तर. एकदा सुट्टीच्या दिवशी मी ओढ्यापर्यंत जाऊन आले. झाडं हिरवीगार उभी आहेत. लांबून बघणारा म्हणेल, केवढा चारा वाया चाललाय.

मला फाटकावर तिकिटं फाडायला बसवलंय. सावली आहे, पंखा आहे, बसायचं काम आहे. कुणी वाईट बोलत नाही. सहली येतात आणि माझ्यासमोरून आत जातात.

एकच अडचण आहे. आम्हा कामगारांना मागच्या दाराने यावं लागतं, आणि तिथून फाटकाकडे जायची वाट हरणांच्या कुंपणाला लागून जाते. दुसरी वाट नाही. पहिल्या दिवशी मी त्या वाटेला लागले आणि आत एकदम पळापळ झाली. पन्नासच्या पन्नास हरणं कुंपणाशी आली, जिथे मी भारे टांगायची तिथे. जाळीतून नाकं बाहेर काढून हुंगत राहिली. मी चालायला लागले तशी तीही आतून माझ्याबरोबर चालायला लागली, पिल्लं मोठ्यांच्या पायांत घुसत होती. कोपऱ्यावर कुंपण संपलं तिथे ती उभी राहिली. मी मागे वळून पाहिलं नाही.

पाच-सहा दिवस असंच झालं. मग डॉक्टरीणबाई फाटकावर आल्या, उगाच इकडचं तिकडचं बोलल्या आणि म्हणाल्या, “मावशी, तुमच्या चपलांचा आवाज ओळखतात ती. आवाज आला की गोळ्या सोडून येतात आणि तासभर तिथेच उभी राहतात. सकाळचं खाणं राहून जातं त्यांचं.”

तेव्हापासून मी मागच्या दारातून आत आले की चपला काढून हातात घेते. भिंतीला चिकटून, खडीवरून, एकेक पाऊल जपून टाकत जाते. परवा अर्ध्या वाटेवर टाचेत खडा रुतला. मी तशीच एका पायावर थांबले, श्वास धरून. आतून गोळ्या चावल्याचा आवाज येत होता. तो थांबला नाही, म्हणून मी पुढे निघाले.